जातिवंत कुत्र्याचा कागद

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हौसेनें कुत्रें पाळणाऱ्या घरीं एक प्रसंग वारंवार घडतो. पिलूं पसंत पडतें, किंमत ठरते, पैसे दिले जातात, मुलें पिलाला कुशींत घेऊन घरीं येतात. आणि विकणाऱ्यानें निघतां निघतां सांगितलेलें एक वाक्य तेवढें मागें उरतें: ‘कागद मागाहून पाठवितों.’ महिना जातो, दोन महिने जातात. पिलूं मोठें होतें, घरच्या माणसांना ओळखूं लागतें, पाहुण्यांवर भुंकूं लागतें. कागद मात्र येत नाहीं. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कुत्रा चांगला आहे, कागदाला काय करावयाचें आहे? दुसरा म्हणतो, जातिवंत म्हणून चौपट पैसे मोजले ते मग कशाच्या भरंवशावर? दोन्ही पक्षांचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. वाद नीट समजावयाचा असेल तर हा कागद कोठून आला, कोणीं काढला, कशासाठीं काढला आणि त्याच्या पाठीशीं खरोखर काय उभें असतें, हें पाहिलें पाहिजे. या कागदाचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे. आणि तो जितका कुत्र्यांचा आहे तितकाच माणसाच्या शब्दाचा आहे.

वंशावळ लिहून ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरीं जाणाऱ्या यात्रेकरूला तेथील तीर्थोपाध्याय आडनांव आणि मूळ गांव विचारतात, जुनी वही उघडतात, आणि त्याचे आजोबा-पणजोबा कोणत्या सालीं येऊन गेले, बरोबर कोण होतें, मुलांचीं नांवें काय होतीं, तें वाचून दाखवितात. ही नोंद खरी कशावरून? पूर्वजांनीं ती स्वतः सांगितली आणि पुष्कळदां स्वतःच्या हातानें तिच्याखालीं सही केली, म्हणून. उपाध्यायांनीं ती जपली. तिची शहानिशा केली नाहीं, आणि करण्याचें कारणहि नव्हतें. सांगणारा एक, लिहून ठेवणारा दुसरा, आणि पुढें कधींतरी येऊन तिच्यावर विश्वास ठेवणारा तिसरा. जनावरांच्या वंशावळींतहि हींच तीन माणसें असतात. फरक एवढाच कीं, तेथें सांगणाऱ्याला जनावर विकावयाचें असतें.

या फरकाचा पहिला चटका बसला तो घोड्यांच्या व्यापारांत. अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें शर्यतींचा शौक वाढला आणि त्याबरोबर घोड्यांच्या किंमतीहि वाढल्या. अमुक घोडा अमुक प्रसिद्ध अरबी नराच्या वंशांतला, असें सांगितलें कीं भाव चढे. आणि सांगणाऱ्याला अडविणारें कोणी नव्हतें. खोट्या वंशावळींचा सुळसुळाट झाला. तेव्हां शर्यतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेदरबी घराण्यानें १७९१ सालीं घोड्यांच्या वंशावळींचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतूनच ‘जनरल स्टड-बुक’ हा प्रख्यात ग्रंथ वाढत गेला. १८२२ सालीं जॉर्ज कोट्स यानें ‘शॉर्टहॉर्न’ जातीच्या गुरांसाठीं तसेंच पुस्तक काढलें. म्हणजे घोडा आणि गाय यांना छापील कुळ मिळून बरीच वर्षें झालीं, तरी कुत्रा तसाच राहिला होता. त्याचें कारण उघड आहे. कुत्रा फारसा विकत घेण्याची वस्तु नव्हती. कोल्ह्याची शिकार करणारे मोठे जमीनदार आपापल्या श्वानपथकांच्या वह्या घरींच ठेवीत, एकमेकांना नर उसना देत, आणि पिलें भेट म्हणून पाठवीत. तेथें शब्द पुरत असे. कारण देणारा आणि घेणारा एकाच पंक्तीचे होते व त्यांची गांठ पुन्हां पुन्हां पडत असे.

हें चित्र बदललें तें एका प्रदर्शनानें. १८५९ सालच्या जून महिन्याच्या २८ आणि २९ तारखांना इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल या गांवीं कुत्र्यांचें एक प्रदर्शन भरलें. संघटित स्वरूपाचें पहिलें श्वानप्रदर्शन तें हेंच, असें मानण्यांत येतें. त्यांत कुत्रीं होतीं अवघीं साठ, आणि जाती दोनच: पॉइंटर व सेटर. दोन्ही बंदुकीच्या शिकारीच्या जाती. पक्ष्याचा वास लागतांच पॉइंटर जागच्या जागीं थिजून नाकानें दिशा दाखवितो. सेटरहि तेंच काम करतो, पण त्याच्या पूर्वजांना जमिनीला टेकून बसण्याची शिकवण होती. बक्षिसें काय, तर त्याच गांवच्या एका बंदूक बनविणाऱ्यानें दिलेल्या बंदुका! प्रदर्शन लहान होतें, पण त्याची हवा पसरली. त्याच वर्षीं बर्मिंगहॅमला दुसरें प्रदर्शन भरलें, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत गांवोगांवीं अशीं प्रदर्शनें भरूं लागलीं. आगगाडीमुळें कुत्रा आतां शंभर कोसांवरून आणतां येत होता. बक्षीस मिळविलेल्या कुत्र्याच्या पिलांना अनोळखी गिऱ्हाइकें पत्रें लिहून मागणी करूं लागलीं. विकणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची तोंडओळखहि नाहीं! जुना शब्द येथें अपुरा पडूं लागला.

पहिला गोंधळ झाला तो अगदींच साधा होता. नांवांचा. शिकारी माणसाला कुत्र्याचें नांव आखूड लागतें, कारण तें रानांत ओरडावयाचें असतें. ‘बॉब’, ‘जेट’, ‘स्पॉट’, ‘नेटल’ असलीं नांवें शेंकड्यांनीं होतीं. एका प्रदर्शनांत ‘बॉब’ जिंकला आणि दुसऱ्या प्रदर्शनांतहि ‘बॉब’ जिंकला, तर ते दोन कुत्रे कीं एकच, हें कळावें कसें? आणि तिसऱ्यानें आपल्या घरचें पिलूं ‘प्रसिद्ध बॉबचें’ म्हणून विकलें, तर त्याला खोटें पाडावें कोणीं? कुत्र्याला आडनांव नसतें, ही गोष्ट त्या वेळीं प्रथमच माणसांना अडचणीची वाटूं लागली.

या अव्यवस्थेंतून ‘केनेल क्लब’ निघाली. सेवॅलिस ईव्हलिन शर्ली हे वॉरिकशायरमधील एक जमीनदार आणि पार्लमेंटचे सभासद. त्यांनीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें प्रदर्शनें भरविण्याचा उपक्रम चालविला होता, आणि त्यांतल्या कटकटी व तोटा या दोहोंचा त्यांना अनुभव आला होता. १८७३ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या पुढाकारानें दहा-बारा गृहस्थ लंडनमध्यें जमले आणि ही संस्था स्थापन झाली. तिनें पहिलें काम हातीं घेतलें तें नियमांचें, आणि दुसरें पुस्तकाचें. १८७४ सालीं तिचें पहिलें ‘स्टड-बुक’ बाहेर पडलें. १८५९ पासून भरलेल्या प्रदर्शनांची हकीकत त्यांत होती, आणि ४,०२७ कुत्र्यांच्या नोंदी चाळीस वर्गांत विभागून दिल्या होत्या. १८८० सालीं नोंदणीची रीत सुरू झाली. मालकानें आपल्या कुत्र्याचें नांव संस्थेकडे कळवावयाचें, संस्थेनें तें नोंदवून घ्यावयाचें, म्हणजे त्या नांवाचा दुसरा कुत्रा त्या जातींत उभा करतां येऊं नये. त्याच वर्षीं ‘केनेल गॅझेट’ हें मासिकहि निघालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ही नोंदणी मुळांत कुळाची नव्हती. ती ओळखीची होती. कुत्रा कोणता, एवढें तिनें ठरविलें. त्याचे आईबाप कोण, हा प्रश्न आरंभीं गौण होता. तो महत्त्वास चढला तो पुढें कांहीं वर्षांनीं. आज ज्या कागदाकडे लोक रक्ताच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून पाहतात, तो कागद जन्मला तेव्हां केवळ नांवांचा घोळ मिटविणारी एक पावती होता. पावतीवर हळूहळू कुळाचें ओझें चढलें. तें ओझें तिला पेलणारें होतें कीं नाहीं, हें पाहण्यास त्याच काळांतील एका माणसाची हकीकत उपयोगी पडते.

एडवर्ड लॅव्हरॅक याचा जन्म सन १८०० च्या सुमाराचा. तरुणपणीं तो चांभाराच्या हाताखालीं काम शिकत होता, असें सांगतात. पुढें एका नातेवाइकाचा वारसा त्याच्याकडे आला आणि त्यानें उरलेलें आयुष्य बंदूक व कुत्रे यांच्या संगतींत घालविलें. स्कॉटलंडच्या डोंगराळ माळांवर तो वर्षानुवर्षें हिंडला. सेटर जातीचें वेड त्याला असें लागलें कीं, आज इंग्लिश सेटरचा जो देखणा, लांब केसांचा, ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा ओळखला जातो, त्याचें रूप पुष्कळ अंशीं या एका माणसाच्या डोळ्यांतून उतरलेलें आहे. १८७२ सालीं, म्हणजे केनेल क्लब स्थापन होण्याच्या अगोदर एकच वर्ष, त्यानें ‘द सेटर’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें आपल्या कुत्र्यांच्या वंशावळी दिल्या, आणि त्या वाचून श्वानप्रेमी थक्क झाले. लॅव्हरॅकचें म्हणणें असें कीं, १८२५ च्या सुमारास त्यानें कार्लाइलजवळील हॅरिसन नांवाच्या एका धर्मोपदेशकाकडून ‘पोंटो’ नांवाचा नर आणि ‘ओल्ड मॉल’ नांवाची मादी घेतली. आणि पुढील जवळजवळ पन्नास वर्षें या एकाच जोडीच्या वंशांत, बाहेरचें रक्त न घेतां, आपलीं सर्व कुत्रीं निपजविलीं.

पन्नास वर्षें, एकच जोडपें! बहीण-भाऊ, बाप-लेक, चुलत-मावस यांचेच संबंध पिढ्यान्‌पिढ्या. ज्यांनीं गुरें किंवा घोडे पाळले होते त्यांना हें पटेना. इतक्या निकटच्या संबंधांतून वंश टिकला कसा? कमजोर कसा झाला नाहीं? पण लॅव्हरॅकचीं कुत्रीं तर डोळ्यांपुढें होतीं, प्रदर्शनांत बक्षिसें मिळवीत होतीं. त्याचा शब्द खोटा पाडणारा कागद कोणापाशीं नव्हता, कारण कागद होता तो त्याचाच. आणि त्याच्या वंशावळी जशाच्या तशा पुढील नोंदींत उतरल्या.

मग एका पिलानें घोटाळा केला. लॅव्हरॅकचीं कुत्रीं सामान्यतः पांढऱ्यावर काळ्या, निळसर, नारिंगी किंवा पिवळट ठिपक्यांचीं असत. त्यांत यकृताच्या रंगाच्या, म्हणजे गडद तपकिरी ठिपक्यांचें एक पिलूं निपजलें. ‘प्राइड ऑफ दि बॉर्डर’ असें त्याचें भारदस्त नांव. पोंटो आणि मॉल यांच्या शुद्ध वंशांत हा रंग आला कोठून? लॅव्हरॅकनें एका श्वानपालकाला लिहिलेल्या पत्रांत त्याचा उलगडा केला, आणि तो उलगडाच त्याच्यावर उलटला. त्यानें लिहिलें कीं, कंबरलंडमधील एडमंड कॅसल येथील तपकिरी-पांढऱ्या सेटरांचें रक्त आपण तीसएक वर्षांपूर्वीं घेतलें होतें, त्याचा हा परिणाम. म्हणजे पुस्तकांत जें नव्हतें तें पत्रांत होतें! बाहेरचें रक्त आलें होतें. वंशावळींत मात्र त्याचा मागमूस नव्हता. १८७७ सालीं लॅव्हरॅक वारला, आणि आणखी किती गोष्टी पुस्तकाबाहेर राहिल्या तें सांगणारा कोणी उरला नाहीं.

लॅव्हरॅकला लबाड म्हणावें काय? तसें म्हणण्याची घाई करूं नये. त्यानें कुत्रे वाईट विकले नाहींत. उलट, त्या काळांतले उत्तम कुत्रे त्याच्या हातचे होते. बाहेरचें रक्त घेतलें हेंहि जातीच्या दृष्टीनें शहाणपणाचेंच झालें असेल. कदाचित् त्याची टिपणें अपुरीं असतील, कदाचित् म्हातारपणीं आठवण दगा देत असेल, कदाचित् ‘शुद्ध’ या शब्दाचा मोह त्याला आवरला नसेल. पण नोंद करणाऱ्याच्या दृष्टीनें या सर्वांचा परिणाम एकच. ज्याच्या शब्दावर पुस्तक उभें होतें त्याचा शब्द आणि वस्तुस्थिति यांत अंतर होतें, आणि तें अंतर पुस्तकाला दिसण्याचा कांहींच मार्ग नव्हता. एका पिलाच्या रंगानें तें दाखविलें.

हीं कुत्रीं लवकरच समुद्रापलीकडे गेलीं. ‘प्राइड ऑफ दि बॉर्डर’ स्वतः अमेरिकेंत पोंचला. लॅव्हरॅकचा चाहता लुएलिन यानें लॅव्हरॅकच्या कुत्र्यांचा दुसऱ्या रक्ताशीं संबंध घडवून जो वंश तयार केला, त्यालाहि अमेरिकन शिकाऱ्यांनीं डोक्यावर घेतलें. तेथेंहि पुस्तकाची गरज भासली. १८७८ सालापासूनच्या नोंदींचें अमेरिकन पुस्तक तयार झालें. त्यांतील पहिल्या क्रमांकाचा कुत्रा ‘अ‍ॅडोनिस’ नांवाचा इंग्लिश सेटर होता. १८८४ च्या सप्टेंबरांत फिलाडेल्फिया येथें ‘अमेरिकन केनेल क्लब’ स्थापन झाली आणि पुढें हें पुस्तक तिच्याकडे आलें. अशा रीतीनें एका खेड्यांतील माणसानें सांगितलेली वंशावळ दोन खंडांच्या छापील ग्रंथांत जाऊन बसली.

आतां या दीर्घ व्यवहारांतून आज जी रीत ठरून गेली आहे ती पाहूं. सामान्य गिऱ्हाईक ‘कागद’ म्हणून ज्याला ओळखतें ते वस्तुतः दोन निराळे कागद आहेत. एक वंशावळ: तीन, चार किंवा पांच पिढ्यांचा तक्ता. हा तक्ता पिलांची पैदास करणारा गृहस्थ घरीं बसूनहि लिहूं शकतो, आणि सुंदर अक्षरांत, लाल शाईनें विजेत्यांचीं नांवें उठवून, तो पुष्कळदां लिहितोहि. दुसरा नोंदणीचा दाखला: हा संस्थेकडून येतो, आणि त्याला क्रमांक असतो. पहिल्याला दुसऱ्याचें वजन नाहीं. गिऱ्हाइकाची फसगत बहुधा येथेंच होते. हातीं तक्ता दिला जातो आणि दाखला मिळाल्याचें समाधान तें मानून घेतें.

दाखल्याची वाट अशी. मादीचा मालक तोच त्या वेताचा पैदास करणारा समजला जातो. पिलें झालीं कीं त्यानें सबंध वेताची नोंद करावयाची: मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, जन्मतारीख, नर किती, माद्या किती. आईबाप दोन्ही नोंदलेले नसतील तर पिलांची नोंद सामान्यतः होत नाहीं. इंग्लंडांत प्रत्येक पिलाचा दाखला पैदास करणाऱ्याच्या हातीं येतो, आणि विक्रीच्या वेळीं तो गिऱ्हाइकास द्यावयाचा असतो. गिऱ्हाइकानें मग मालकी आपल्या नांवें बदलून घ्यावयाची. अमेरिकेंत वेताची नोंद झाल्यावर प्रत्येक पिलासाठीं एक अर्जाचा नमुना मिळतो, आणि तो भरून पाठविण्याचें काम नव्या मालकाचें असतें. दोन्हीकडे किल्ली एकाच्याच हातीं: पैदास करणाऱ्याच्या. त्यानें वेताची नोंदच केली नाहीं, तर गिऱ्हाइकानें संस्थेचे कितीहि उंबरठे झिजविले तरी उपयोग होत नाहीं. संस्था पुस्तक ठेवते. सांगणाऱ्याचें तोंड ती उघडूं शकत नाहीं.

म्हणूनच जाणते लोक पैसे हातचे सुटण्यापूर्वीं लेखी पावती मागतात. जात, लिंग, रंग, जन्मतारीख, आईबापांचीं नोंदलेलीं नांवें व क्रमांक, आणि पैदास करणाऱ्याचें नांव, एवढें तींत असावें. विक्रीबरोबर कांहीं अट असेल तर तीहि आधींच कळावी. इंग्लंडांत पैदास करणाऱ्याला दाखल्यावर असा शेरा लावून ठेवतां येतो कीं, या कुत्र्याच्या संततीची नोंद होऊं नये. शेऱ्याचा हेतु पुष्कळदां चांगला असतो. अयोग्य कुत्र्याची पैदास होऊं नये, एवढाच. पण घेणाऱ्याला तो मागाहून कळला तर मनस्ताप ठरलेला.

आणि दाखला हातीं आला तरी त्यानें सिद्ध काय होतें? अमुक नर आणि अमुक मादी यांचें, अमुक दिवशीं जन्मलेलें हें पिलूं, असें त्याच्या पैदास करणाऱ्यानें सांगितलें. इतकेंच. कुत्रा निरोगी आहे, शहाणा आहे, देखणा आहे, हें दाखला सांगत नाहीं. संस्थाहि तसा दावा करीत नाहींत. गिऱ्हाईक मात्र तो दावा मनानेंच कागदावर लिहून घेतें.

याहून खोल प्रश्न निघाला तो कागद खोटा असल्यामुळें नव्हे, तर फार काटेकोरपणें खरा ठेवल्यामुळें. आईबाप पुस्तकांत असल्याशिवाय पिलूं पुस्तकांत यावयाचें नाहीं, असा नियम झाला कीं पुस्तकाचें दार बंद होतें. आंत जितकें रक्त होतें तितकेंच पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतें, आणि त्यांत एखादें वैगुण्य असेल तर त्याला बाहेर जाण्यास वाट उरत नाहीं. याचें ठळक उदाहरण म्हणजे डाल्मेशियन, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो प्रसिद्ध कुत्रा. या जातींत एक जन्मजात दोष आहे. त्याच्या शरीरांत यूरिक आम्लाची विल्हेवाट इतर कुत्र्यांप्रमाणें लागत नाहीं, आणि पुष्कळ नरांना मूतखड्याचा दुःसह विकार होतो. दोष इतका सार्वत्रिक होता कीं, निर्दोष डाल्मेशियन जातीमध्यें शोधून सांपडण्याची आशाच नव्हती.

१९७३ सालीं रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानें एका डाल्मेशियनचा एका पॉइंटरशीं संबंध घडविला, एकदांच. पुढें प्रत्येक पिढींत निर्दोष पिलें निवडून त्यांचा संबंध शुद्ध डाल्मेशियनांशींच केला. दर पिढीला पॉइंटरचा अंश निम्म्यावर येतो. पांच पिढ्यांत तो शेंकडा तीनच्या आसपास राहतो. दिसण्यांत हीं कुत्रीं डाल्मेशियनच होतीं, पण मूतखड्याचा तो दोष त्यांत नव्हता. १९८१ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें त्यांपैकीं दोघांची नोंद केली. जातीच्या अभिमान्यांत खळबळ उडाली. परकें रक्त पुस्तकांत आलें म्हणून विरोध झाला, आणि पुढील नोंदी थांबल्या. त्या थांबल्या त्या जवळजवळ तीस वर्षें. इंग्लंडच्या संस्थेनें २०१० सालीं आणि अमेरिकेच्या संस्थेनें २०११ सालीं अखेर हें दार उघडलें. मधल्या काळांत कागद शुद्ध राहिला, आणि मूतखडेहि राहिले.

या हकीकतीशेजारीं लॅव्हरॅकची हकीकत ठेवली म्हणजे इतिहासाचा विनोद लक्षांत येतो. एकानें बाहेरचें रक्त घेतलें आणि सांगितलें नाहीं. त्याच्या कुत्र्यांना पुस्तकांत मानाचें पान मिळालें. दुसऱ्यानें बाहेरचें रक्त घेतलें, तें जाहीर सांगितलें, त्याचा हिशेब ठेवला. त्याच्या कुत्र्यांना तीस वर्षें दाराबाहेर उभें राहावें लागलें. सत्य सांगणाऱ्यास शिक्षा करणारें पुस्तक फार दिवस सत्य राहूं शकत नाहीं, हा धडा संस्थांना उशिरां कां होईना मिळाला.

गेल्या कांहीं दशकांत नोंदणीच्या स्वरूपांत जो बदल झाला तो याच दिशेनें. २००८ सालीं बी. बी. सी. नें जातिवंत कुत्र्यांच्या विकारांवर एक चित्रपट दाखविला आणि इंग्लंडांत मोठा गहजब झाला. पुढच्याच वर्षापासून तेथील संस्थेनें आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खे बहीण-भाऊ यांच्या संबंधांतून झालेल्या पिलांची नोंद बंद केली. २०१२ पासून एका मादीच्या चारच वेतांची नोंद घेण्याचें ठरलें. म्हणजे नांवांचा घोळ मिटविणारी जुनी पावती आतां मादीच्या प्रकृतीचीहि विचारपूस करूं लागली. दुसरा बदल शास्त्राचा. रक्ताच्या किंवा लाळेच्या थेंबांतून डी. एन. ए. काढून पिलाचे आईबाप तपासतां येऊं लागले. वारंवार पैदाशीसाठीं वापरल्या जाणाऱ्या नरांची अशी तपासणी अमेरिकन संस्थेनें २००० सालापासून आवश्यक केली. लॅव्हरॅकच्या वेळीं जें काम एका पिलाच्या रंगानें केलें, तें आतां प्रयोगशाळा करते. सांगणाऱ्याच्या शब्दाला प्रथमच एक साक्षीदार मिळाला.

ही कागदाची रीत इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांतहि आली, आणि येथें तिची गांठ एका निराळ्या परंपरेशीं पडली. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील मुलखांत उंच पायांचा, निमुळत्या तोंडाचा, वाऱ्यासारखा धांवणारा एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. खेड्यांत त्याला कारवानी म्हणतात. मुधोळ संस्थानचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्याची आवर्जून जोपासना केली, आणि त्यांनीं त्याची जोडी इंग्लंडचे बादशहा पांचवे जॉर्ज यांना भेट दिली, असें सांगतात. तेव्हांपासून मुधोळचें नांव त्याला चिकटलें. पुढें नोंदणीची वेळ आली तेव्हां केनेल क्लब ऑफ इंडियाच्या पुस्तकांत तो ‘कॅरॅव्हान हाउंड’ झाला, आणि दुसऱ्या एका संस्थेच्या पुस्तकांत ‘मुधोळ हाउंड’ झाला. कुत्रा एकच, दप्तरें दोन, नांवें दोन! १८८० सालीं लंडनमध्यें नांवांचा घोळ मिटविण्यासाठीं जी रीत निघाली, तिनें येथें नवा घोळ घातला. खेड्यांतला जो शेतकरी हा कुत्रा पाळतो त्याच्यापाशीं बहुधा कोणताच कागद नसतो. अमक्या गांवच्या अमक्या घरची मादी, एवढीच त्याची वंशावळ. ती तोंडीच असते. पण सांगणारा शेजारच्या गांवचा असतो, त्याची गांठ उद्यां बाजारांत पडणार असते, आणि म्हणून ती सहसा खोटी नसते.

तात्पर्य, कागदानें शब्दाची जागा घेतली असें दिसतें. खरें पाहतां कागदानें शब्द दूरवर पोंचविला, इतकेंच. ओळखीच्या माणसाचा शब्द गांवापुरता चालत होता. दाखल्यानें तो सातासमुद्रांपार चालूं लागला. पण मूळ नाणें शब्दाचेंच आहे, आणि तें खोटें असेल तर त्यावर कितीहि शिक्के मारले तरी खणखणत नाहीं. ज्या घरीं पिलूं आलें आणि कागद आला नाहीं, तेथें दोन पक्षांनीं आपसांत भांडण्याचें कारण नाहीं. कागद नाहीं म्हणून कुत्रा वाईट ठरत नाहीं. पण कागद देतों म्हणून पैसे घेऊन जो तो देत नाहीं, त्यानें त्या पिलाविषयीं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरहि, मग ती आईबापांची प्रकृति असो, टोंचलेली लस असो कीं जन्मतारीख असो, किती विश्वास ठेवावा हें त्यानें स्वतःच सांगून टाकलेलें असतें. म्हणून पुढल्या वेळीं पिलूं पाहण्याआधीं त्याची आई पाहावी, तिला वाढविणाऱ्याशीं निवांत बोलावें, आईबापांचे क्रमांक लिहून घ्यावे, आणि मगच पैशाच्या पाकिटाला हात घालावा. आणि जें पिलूं आधींच घरीं येऊन उंबऱ्यावर निजलें आहे, त्याला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. त्यानें त्या घराला आपलें म्हटलें आहे, आणि त्यासाठीं त्यानें कोणाचा दाखला मागितलेला नाहीं.